युरोपचा इतिहास : सनावळी आधी की कागद?

अमेरिकेतल्या शाळांमध्ये 'एपी युरोपियन हिस्टरी' नावाचा एक अभ्यासक्रम असतो. शाळेतच राहून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा इतिहास शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची आणि १ ते ५ मधला एक आकडा पदरात पाडून घ्यायचा. आकडा चांगला आला तर बरीच कॉलेजं पुढे त्याचं श्रेय देतात. काळ केवढा, तर १४५० च्या सुमारापासून थेट आजपर्यंत. माझी मुलगी सप्टेंबरमध्ये दहावीत जाईल, तेव्हा हा विषय तिच्या वाट्याला येणार आहे.

आमच्या न्यू जर्सीच्या घरात या उन्हाळ्यात इतिहासाचे दोन शिक्षक आहेत. एक माझे काका. साताऱ्याकडच्या एका हायस्कूलमध्ये त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. दुसरी माझी थोरली बहीण, ती इथल्याच एका सरकारी शाळेत हा अभ्यासक्रम शिकवते. मुलीने सुट्टीत काय करावं यावर दोघांचं जमत नाही, आणि दोघंही मनापासून भांडतात. मला हे भांडण मोलाचं वाटलं. पुण्या-मुंबईत काय किंवा इथे काय, मुलांना इतिहास कसा शिकवायचा हा प्रश्न तोच आहे, म्हणून ते जसं झालं तसं लिहितो आहे.

काका : भिंतीवर एक लांब कागद लावू. १४५३ कॉन्स्टँटिनोपल पडलं. १५१७ ल्यूथर. १५५५ ऑग्सबर्गचा तह, १६४८ वेस्टफालियाचा. मग १६८८, १७८९, १८१५, १८४८, १८७१, १९१४. ऑगस्ट संपेपर्यंत झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. बाकी सगळं सप्टेंबरनंतर.

ताई : काका, त्या परीक्षेत साल कुणी विचारत नाही. पहिल्या भागात ५५ प्रश्न असतात आणि ५५ मिनिटं. प्रश्न सुटा येतच नाही. एखादा उतारा, चित्र, नकाशा किंवा तक्ता समोर ठेवतात आणि त्यावर तीनचार प्रश्न. नुसती सनावळी पाठ केलेलं मूल तिथे अडकतं.

काका : आणि सनावळी न आलेलं मूल?

ताई : तेही अडकतं. पण त्याला उतारा वाचायची सवय असेल तर ते चाचपडत का होईना, बाहेर येतं. मी तिला पहिल्याच आठवड्यात एक कागद देणार आहे. १५२५ च्या मार्चमध्ये दक्षिण जर्मनीतल्या मेमिंगेन गावी शेतकऱ्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या. लिहिणारा बहुधा झेबास्टियान लोत्सर, फरचे कपडे करणारा कारागीर, आणि त्याच्या सोबतीला तिथला एक धर्मोपदेशक. पहिली मागणी, आमचा पाद्री आम्ही निवडू. तिसरी, आम्हाला भूदास म्हणून वागवू नका. पुढे शिकार, मासेमारी, जंगलातलं लाकूड, वाढता खंड. आणि शेवटचं, बारावं कलम असं, की यातली कुठलीही मागणी बायबलच्या विरुद्ध आहे हे कुणी दाखवून दिलं तर ती आम्ही सोडून देऊ. आता तिने मला सांगायचं, हे शेवटचं कलम का लिहिलं असेल? नम्रता म्हणून, श्रद्धा म्हणून, की समोरच्याची तोंडं बंद करायला? हे वाचणार कोण होतं? छापून हजारो प्रती गेल्या, म्हणजे ते फक्त जमीनदारांसाठी लिहिलेलं नाही. मला ही तयारी हवी आहे.

काका : उत्तम कागद आहे. पण ल्यूथरचं काय?

ताई : त्याचंही पत्रक देणार. शेतकऱ्यांना मारा, कापा असं राजांना सांगणारं.

काका : थांब. इथेच मी तुला पकडतो. ल्यूथरने आधी एप्रिलमध्ये एक पत्रक लिहिलं होतं. त्यात त्याने राजांना आणि सरदारांनाही दोष दिला होता, की तुमच्या लोभामुळे ही वेळ आली. मारा-कापाचं पत्रक मे महिन्यातलं. मधल्या काळात बंड पेटलं, काही ठिकाणी सरदारांचे जीव गेले, आणि ल्यूथरने थुरिंजियात फिरून ते डोळ्यांनी पाहिलं. हे दुसरं पत्रक लोकांच्या हाती पडायला लागलं त्याच सुमाराला, १५ मे ला, फ्रांकेनहाउझेनला शेतकऱ्यांची कत्तल झाली. तू तिला दोन कागद देशील आणि ती लिहील की ल्यूथर शेतकऱ्यांच्या विरुद्ध होता. एप्रिल आणि मे वेगळे काढल्याशिवाय तिला हे कसं कळणार, की माणूस काही आठवड्यांत बदलला? आणि का बदलला हा प्रश्न तरी कसा पडणार?

ताई यावर लगेच काही बोलली नाही. मला काकांचं म्हणणं पटलं, आणि मला वाटतं तिलाही पटलं होतं. सनावळी म्हटलं की आपल्या पिढीला घोकंपट्टी आठवते आणि आपण नाक मुरडतो. पण काका घोकण्याविषयी बोलतच नव्हते. ते पुढे जे म्हणाले ते मी शाळेत असताना कुणी सांगितलं असतं तर मी इतिहास वेगळ्या नजरेने वाचला असता.

काका : पेशवे दफ्तरातली पत्रं पाहिली आहेस ना? कितीतरी पत्रांवर चंद्र, म्हणजे तारीख असते, महिना असतो, साल नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत होतं, ते कशाला लिहितील? राजवाडे, खरे, सरदेसाई या इतिहासकारांचं आयुष्य साल ठरवण्यात गेलं. पत्रात कुणाची छावणी कुठे आहे, कोण आजारी आहे, कुणाचं लग्न ठरलंय, यावरून साल काढायचं. एक वर्ष चुकलं की आधी काय आणि मग काय हे उलटं होतं आणि कारण परिणाम होऊन बसतं. म्हणून साल पाठ करायचं नसतं, त्याला धरून उभं राहायचं असतं.

ताई : मग तुम्ही राजवाड्यांचं नाव घेऊन माझीच बाजू मांडताय. राजवाडे बखरींवर विसंबले नाहीत, अस्सल कागद शोधत गावोगाव फिरले. आधी कागद!

काका : कागद हातात आल्यावर आधी त्याचं साल!

हसून दोघंही गप्प झाले. पण हा तंटा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ताईने नंतर स्वतःच्या वर्गातलं जे उदाहरण दिलं, ते काकांच्या पारड्यात गेलं.

ताई : एक मी मान्य करते. दर वर्षी निम्मा वर्ग लिहितो की एडमंड बर्कने फ्रेंच राज्यक्रांतीला विरोध केला, कारण गिलोटिनखाली हजारो माणसं मेली. बर्कचं पुस्तक १७९० च्या नोव्हेंबरचं. तेव्हा सोळावा लुई जिवंत आहे, राजा म्हणून गादीवर आहे. त्याला मारलं २१ जानेवारी १७९३ ला. दहशतीचं राज्य त्यानंतरचं. म्हणजे बर्क घडलेल्या रक्तपाताविषयी लिहीत नव्हता, रक्तपात होईल असं सांगत होता. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. टॉमस पेनने १७९१ मध्ये त्याला उत्तर दिलं, तेव्हा त्यालाही पुढचं दिसत नव्हतं. पुढे तोच पेन फ्रान्सच्या संसदेत बसून राजाला मारू नका म्हणून बोलला आणि शेवटी स्वतः तुरुंगात गेला. सालं माहीत नसली तर हा सगळा वाद मुलांना मागून पाहिल्यासारखा दिसतो. शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी.

काका : आणि पेनचं ते पुस्तक फुल्यांनी पुण्यात वाचलं. तिला हेही सांग. तिच्या खापरपणजोबांच्या मुलखात तो वाद पोचला होता. 'गुलामगिरी' १८७३ ची, अर्पण केलीय अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मुक्त केलं म्हणून. युरोप, अमेरिका आणि पुणे एका पुस्तकात आले की नाही? माझं तर म्हणणं आहे, तयारी आपल्याकडूनच सुरू करावी. गोव्याच्या इन्क्विझिशनवरून धर्मसुधारणेकडे जावं. मुंबई पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर इंग्लंडच्या राजाला आंदण गेली, तिथून दुसऱ्या चार्ल्सकडे जावं. मुलाला आपल्या दारातून बाहेर नेलं की ते घाबरत नाही.

इथून खरं भांडण सुरू झालं.

ताई : नाही काका. फुले सांगा, जरूर सांगा, पण दार म्हणून नको. मी हे वर्गात पाहिलं आहे. पोर्तुगीज घरातलं मूल फक्त शोधसफरींपुरतं जागं असतं, आयरिश घरातलं १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळापुरतं. आपलं काही असेल तिथेच लक्ष द्यायचं, ही सवय एकदा लागली की सुटत नाही. सांगा मला, तीस वर्षांच्या युद्धात आपलं काय आहे?

काका : आपलं? काहीच नाही.

ताई : म्हणूनच ते महत्त्वाचं. १६१८ ला प्रागमध्ये तीन माणसांना खिडकीतून बाहेर फेकलं तिथून ते सुरू झालं आणि १६४८ पर्यंत चाललं. १६३१ च्या मे महिन्यात माग्देबुर्ग शहर जाळलं, तिथे सुमारे २०,००० माणसं गेली. जर्मन मुलखातल्या कितीतरी गावांची निम्मी वस्ती नाहीशी झाली. लढाईत मेले त्याहून जास्त भुकेने आणि प्लेगने. लोरेनच्या जाक कालो नावाच्या कलावंताने १६३३ मध्ये युद्धाच्या हालांवर १८ छोटी कोरीव चित्रं केली. एका चित्रात एकाच झाडावर कितीतरी माणसं फासावर लटकली आहेत. ही फाशी गेलेली माणसं कोण, माहीत आहे? लुटालूट करणारे सैनिक. त्याच्या आधीच्या चित्रांत तेच सैनिक शेतकऱ्याचं घर लुटताना दिसतात. आता चित्रकार कुणाच्या बाजूने आहे? हे चित्र मी तिच्यापुढे ठेवीन तेव्हा तिथे पुणं नसेल, गोवा नसेल, काही नसेल. परक्याचं दुःख परक्याचंच ठेवून तिला ते समजून घेता आलं पाहिजे. ते जमलं तर उरलेला अभ्यासक्रम तिला जड नाही.

काका : मुलाला गोडी लागल्याशिवाय ते परक्या दुःखापर्यंत जाईल का?

ताई : गोडी लावणारी गोष्टही तिकडचीच असते. तुम्हाला एक सांगते. नॅटली झेमन डेव्हिस यांचं मार्टिन गेरवरचं पुस्तक, १९८३ चं, छोटंसं. मी तिला सुट्टीसाठी पूर्ण वाचायला हेच एक देणार आहे. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी आर्तिगा नावाचं खेडं. मार्टिन नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, त्याची बायको बेर्त्रांद, दोघांचं लग्न अगदी लहान वयात झालेलं. बापाचं थोडं धान्य चोरल्याचा आळ आला आणि १५४८ मध्ये मार्टिन घर सोडून गेला. आठेक वर्षांनी परत आला. बायकोने ओळखलं, बहिणींनी ओळखलं, गावाने ओळखलं. संसार सुरू झाला, मुली झाल्या. मग चुलत्याशी जमिनीच्या हिशेबावरून भांडण झालं आणि चुलता म्हणाला, हा मार्टिन नव्हेच.

काका : अगं, हा तर भाऊंचा तोतया!

ताई : पुढे ऐका. खटला तुलूजच्या वरच्या न्यायालयात गेला. ज्यां द कोरास नावाचा विद्वान न्यायाधीश. आरोपी इतकं नेमकं बोलत होता, जुन्या आठवणी इतक्या बिनचूक सांगत होता, की कोरासचं मन त्याला सोडण्याकडे झुकलं होतं. आणि निकाल तोंडावर आलेला असताना न्यायालयात एक माणूस आला. लाकडी पायाचा. १५५७ च्या सें-कांतँच्या लढाईत पाय गेलेला खरा मार्टिन. तोतयाचं नाव निघालं आर्नो द्यु तिल. १५६० च्या सप्टेंबरमध्ये त्याला आर्तिगात, मार्टिनच्याच घरासमोर फाशी दिलं.

काका : आणि बायको?

ताई : तोच सगळ्यात मोठा प्रश्न. न्यायालयाने मानलं की ती फसली होती. डेव्हिस म्हणतात, नाही. नवऱ्याचा स्पर्श, चाल, बोलणं ओळखत नाही अशी कुठली बायको? तिला ठाऊक होतं आणि तिने आपल्या बुद्धीने तो संसार उभा केला. पुढे १९८८ मध्ये रॉबर्ट फिन्ले नावाच्या इतिहासकाराने लिहिलं, की कागदांत याला आधार नाही, विसाव्या शतकातली बाई तुम्ही सोळाव्या शतकात नेऊन बसवली आहे. डेव्हिस यांनी त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात उत्तर दिलं. परीक्षेत अगदी असाच प्रश्न असतो. इतिहासकाराचा उतारा देतात आणि विचारतात, याचा दावा काय, त्याला बळ देणारा पुरावा कुठला, तो खोडून काढणारा कुठला. चाळीस मिनिटांत तीन छोटे प्रश्न सोडवायचे, त्यातला एक असा.

काका बराच वेळ या गोष्टीतून बाहेर येईनात. मलाही राहून राहून पानिपतानंतरचं पुणं आठवत होतं. सदाशिवराव भाऊ परत आले म्हणून उठलेली आवई, कोकणात जमलेली फौज, १७७६ मध्ये त्या माणसाला झालेली देहान्ताची शिक्षा. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही ती आठवेलच. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. पण आठवण आल्यावर काय करायचं, यावर दोघांत पुन्हा जुंपली.

काका : पाहिलंस? आपल्या तोतयाची गोष्ट तिला आधी सांगितली तर ही फ्रान्सची गोष्ट दुप्पट कळेल. पार्वतीबाईंनी भाऊंचं मरण कधी मानलं नाही असं सांगतात. इकडे पार्वतीबाई, तिकडे बेर्त्रांद.

ताई : आणि दोघी एकच आहेत असं तिला वाटेल. एकच नाहीत ना! आपल्याकडे तोतया उठला तो राज्यासाठी. मागे किल्लेदार, फौजा, पेशवाईतली भाऊबंदकी. आर्तिगात काय होतं? थोडी शेती, वारसाहक्क आणि हिशेबावरून चिडलेला चुलता. एका साध्या शेतकऱ्याच्या ओळखीचा वाद इतक्या वरच्या न्यायालयात गेला आणि न्यायाधीशाने त्यावर पुस्तक लिहून छापलं, हे त्या काळच्या फ्रान्सचं वैशिष्ट्य. कायदा शिकलेल्या लोकांचा वर्ग, छापखाना, गावात हळूहळू शिरणारा प्रोटेस्टंट पंथ, सगळं त्या एका खटल्यात आहे. कोरास स्वतः प्रोटेस्टंट झाला होता. १५७२ मध्ये पॅरिसला सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी कत्तल झाली, तिचे पडसाद तुलूजमध्ये उमटले आणि त्यात कोरासही मारला गेला. आपल्या तोतयावरून तिथे गेलं की हे दिसत नाही, साम्य तेवढं दिसतं.

काका : साम्य दिसल्याशिवाय फरक दिसत नाही, पोरी. तू आत्ता जो फरक सांगितलास तो मी तोतया म्हणालो म्हणून तुझ्या तोंडून निघाला.

हे खरं होतं. ताईने मान हलवली, पण हट्ट सोडला नाही. आधी तिकडची गोष्ट तिकडच्या कारणांसह संपवायची आणि मग आपली आणायची, एवढ्यावर ती आली. माझं मत विचाराल तर मी तिच्या बाजूचा आहे. आपल्या ओळखीच्या गोष्टीचा मुलांना आधार असावा, पण तिच्या मापाने दुसऱ्याची गोष्ट कापली जाऊ नये. इथे वाढणाऱ्या मराठी मुलांना आपण आपला इतिहास पोटतिडकीने सांगतो. त्याच पोटतिडकीने दुसऱ्याचा वाचायला शिकवलं, तरच आपलाही इतिहास त्यांना नीट वाचता येईल.

नकाशाच्या बाबतीत मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. आधी नद्या, मग सीमा. ऱ्हाइन, डॅन्यूब, एल्ब, व्हिस्चुला हाताने काढायच्या. डॅन्यूब काढली की ऑटोमन फौजा १५२९ आणि १६८३ ला व्हिएन्नापर्यंत कशा आल्या हे वेगळं सांगावं लागत नाही. मग त्याच नद्यांवर १६४८, १८१५ आणि १९१९ च्या सीमा तीन रंगांत. पोलंड नकाशावरून नाहीसा होतो आणि परत येतो हे बोटांना कळलं पाहिजे, असं काका म्हणाले.

लेखनाचा सराव सुट्टीत करायचा का, यावरही थोडी चकमक झाली.

काका : परीक्षेतल्या त्या सात कागदांच्या प्रश्नाचं काय म्हणत होतीस? त्याचा सराव आत्तापासून घे.

ताई : नको. सात कागद, एक तास, त्यातली पहिली पंधरा मिनिटं वाचायला, आणि एकूण गुणांपैकी चौथा हिस्सा त्या एका उत्तरावर. पार्श्वभूमी मांडायची, आपला दावा एका वाक्यात ठामपणे करायचा, कागद पुरावा म्हणून वापरायचे, कागदांबाहेरचा एक पुरावा स्वतःहून आणायचा, आणि निदान दोन कागदांबाबत सांगायचं की लिहिणारा कोण, कुणासाठी, कुठल्या परिस्थितीत, आणि त्यामुळे आपला दावा कसा घट्ट होतो किंवा सैल होतो. हे आत्ताच घड्याळ लावून सुरू केलं तर ती साचा शिकेल. मुलं मग प्रत्येक उत्तरात लिहितात, 'हा लेखक पाद्री असल्यामुळे पक्षपाती आहे.' पक्षपाती म्हटलं की सुटलो! अरे, पाद्री आहे म्हणूनच त्याला गावातल्या प्रत्येक घरचं जन्ममरण ठाऊक आहे, ते कोण लिहिणार? सुट्टीत तिने आठवड्याला एकच कागद घ्यावा, वेळ न लावता, आणि त्यावर एक पान लिहावं. मराठीत लिहिलं तरी मला चालेल.

काका : मराठीत लिहिलेलं मी तपासीन. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर साल.

ताई : बरं, साल.

शेवटी विषय निघाला तो अभ्यासक्रमाच्या टोकाचा. मला हा भाग अनपेक्षित होता. तयारी म्हणजे पहिल्या धड्यापासून, असं मी धरून चाललो होतो.

ताई : खरं तर सुट्टीत वाचायला हवा शेवटचा भाग, १९४५ नंतरचा. परीक्षा मे च्या सुरुवातीला आणि एप्रिलमध्ये वर्ग दुसऱ्या महायुद्धातून बाहेर पडत असतो. शीतयुद्ध, वसाहतींचा अंत, युरोपचं एकत्र येणं, हे सगळं घाईघाईत उरकतं. आणि याच काळाचे साक्षीदार आपल्या आसपास आहेत. इथे न्यू जर्सीत पोलिश वस्ती आहे, १९८० चं सॉलिडॅरिटीचं आंदोलन पाहिलेली माणसं भेटतात. नेवार्कच्या आयर्नबाउंड भागात पोर्तुगीज आहेत. तिथल्या बेकरीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना २५ एप्रिल १९७४ विचारा. सैन्याने उठाव केला आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली तो दिवस.

काका : मग मला तिकडे घेऊन चला. मला त्यांना १९६१ विचारायचं आहे.

ताई : आलात परत आपल्या दारात!

काका : आलो, आणि इथे तू मला अडवू शकत नाहीस. डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. लिस्बनहून सालाझारने हुकूम पाठवला होता, शरण जाऊ नका, शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर वासालो ई सिल्व्हाने तो मानला नाही. इतकी माणसं फुकट मारायला तो तयार नव्हता. तो शरण गेला, तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक कैदेत पडले. ते मायदेशी परतले तेव्हा त्यांचं स्वागत झालं नाही, अपमान झाला. वासालो ई सिल्व्हाला तर सैन्यातून काढून टाकलं. त्याच वर्षी अंगोलात लढाई पेटली होती, पुढे गिनी, मोझांबिक. तेरा वर्षं तरुण पोरं आफ्रिकेत पाठवत राहिले. हे अधिकारी पाहत होते ना, की हरलो तर सरकार दोष आपल्या माथी मारणार, गोव्यात मारला तसा? मग १९७४ ला उठाव त्यांनीच केला. आणि त्याच वर्षअखेरीला नव्या पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं करार करून मान्य केलं. आता सांग, ही युरोपच्या इतिहासातली गोष्ट आहे की आपली?

ताई : युरोपचीच. पण एक कच्चा दुवा आहे. गोव्यातल्या अपमानामुळे १९७४ चा उठाव झाला, असा दावा करायचा तर पुरावा लागेल. उठाव करणारे होते कॅप्टन दर्जाचे तरुण अधिकारी. १९६१ ला ते विशीत, काही तर शाळेत. त्यांच्या मनात गोवा किती होता आणि आफ्रिकेतली दमछाक, बढत्यांचे नवे नियम, पगार हे किती, ते वेगळं काढावं लागेल. वासालो ई सिल्व्हाला परत मानानं घेतलं ते क्रांतीनंतर, हा तुमच्या बाजूचा एक पुरावा.

काका : मग काढू वेगळं. त्या म्हाताऱ्यांत कुणी तेव्हा सैन्यात असलेला असेल तर त्यालाच विचारू.

माझी मुलगी इतका वेळ जिन्यावर बसून ऐकत होती. तिने काकांना विचारलं, की त्या माणसाने आत्ता, इतक्या वर्षांनी, जे सांगितलं ते १९६१ चं साधन धरायचं की आजचं? काकांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, दोन्हींच्या बाजूने एकेक परिच्छेद लिही आणि शनिवारी नेवार्कला जायच्या आधी आम्हाला दाखव.